आपण कोठे उभे असतो?



दर रविवारी मिस्साबलिदानाच्या सुरुवातीला आपण सारे मिळून आपल्या पापांची कबुली देतो. विचाराने, शब्दाने आणि कृतीने आपण चुकलो असे छातीवर हात मारून सांगतो. पण ती कबुली तेथेच संपत नाही. जे करायला हवे होते ते न केल्यामुळेही आपण चुकलो, असेही आपण म्हणतो. पहिल्या तीन पापांची आपल्याला आठवण असते. कोणाला शिवी दिली, कोणाचा हेवा केला, कोणाला फसवले, हे मनात सलत राहते. चौथे पाप मात्र आपल्या लक्षातच राहत नाही. न केलेल्या गोष्टीचा आवाज होत नाही, तिचा डाग कपड्यांवर दिसत नाही आणि तिच्याबद्दल कोणी आपल्या दारात येऊन जाब विचारत नाही. म्हणूनच आज आपण या चौथ्या पापाविषयी थोडे बोलणार आहोत. ही सुरुवात दुसऱ्यांकडे बोट दाखवून नव्हे, तर स्वतःपासून करणे बरे.

काही दिवसांपूर्वीची गोष्ट आहे. संध्याकाळची वेळ होती. गडबच्या थांब्याजवळ महामार्गावर नेहमीप्रमाणे गाड्यांची रांग लागली होती. एका टेम्पोचा धक्का पुढच्या मोटारीला लागला आणि मोटारीचा आरसा फुटला. मोटारीतून दोघे तरुण उतरले. त्यांनी टेम्पोवाल्या पोराला कॉलर धरून खाली ओढले. त्यानेही उलट हात उगारला. तेव्हा त्यातला एक जण कमरेकडे हात नेऊन ओरडला, "माझ्याकडे घोडा आहे, इथंच आडवा करीन." त्याच्याकडे खरोखर पिस्तूल होते की नुसती धमकी होती, हे कोणालाच कळले नाही. पण तो शब्द ऐकताच तीस-चाळीस माणसांचा घोळका चार पावले मागे सरला. काहींनी मोबाईल काढून चित्रीकरण सुरू केले. काही जण म्हणाले, "आपल्याला काय करायचंय?" त्या घोळक्यात आम्हीही होतो. आमच्या गळ्यात क्रूस होता. आम्ही तेथेच उभे राहिलो.

मग एक मासळी विकणारी मावशी पुढे झाली. डोक्यावरची पाटी तिने कडेला ठेवली. ती त्या दमदाटी करणाऱ्याकडे गेली नाही. त्याच्याशी ती एक शब्दही बोलली नाही. तिने सरळ टेम्पोवाल्या पोराचा हात धरला आणि म्हणाली, "पोरा, इकरं ये, आधी पानी पी." त्याला तिने ओढतच टपरीच्या मागे नेले. भांडणातला एक जण निघून गेल्यावर दुसरा कोणावर ओरडणार? तेवढ्यात एक वयस्कर गृहस्थ मोटारवाल्यांजवळ जाऊन शांतपणे म्हणाले, "दादा, आरशाचं किती होतील, ते बोलू." त्यांच्या मागोमाग आणखी तिघे-चौघे गेले. दहा मिनिटांत सारे मिटले. मावशीने पाटी उचलली आणि ती आपल्या वाटेने गेली. ती आपल्या चर्चची नव्हती. तिला दयाळू शोमरोन्याचा दाखला कोणी शिकवला नव्हता. तो दाखला शिकलेले आम्ही मात्र चार पावले मागे होतो.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये पापांची कबुली देताना त्या चौथ्या पापाशी आमचा आवाज अडखळला. तेव्हापासून हा प्रश्न मनातून गेलेला नाही. रस्त्यात भांडण पेटले, हत्यार बाहेर निघाले, तर ख्रिस्ती माणसाने काय करावे?

बंधुभगिनींनो, हा प्रश्न सोपा नाही आणि त्याचे सोपे उत्तर देणे हेही पाप ठरेल. मधे पडणाऱ्याचा जीव जाऊ शकतो हे आपल्याला ठाऊक आहे. २० ऑक्टोबर २०११ ची रात्र आठवा. मुंबईत अंधेरीच्या आंबोली भागात काही तरुण मित्रमैत्रिणी जेवून बाहेर पडले होते. मैत्रिणींची छेड काढणाऱ्या माणसाला किनन सांतोस आणि रुबेन फर्नांडिस यांनी अडवले. तो गेला आणि साथीदारांना व हत्यारे घेऊन परत आला. किनन त्याच रात्री गेला. रुबेनने ३१ ऑक्टोबरला इस्पितळात प्राण सोडला. हे सारे अंधाऱ्या गल्लीत झाले नाही. माणसांच्या डोळ्यांदेखत, रहदारीच्या रस्त्यावर झाले. आजूबाजूला कितीतरी जण होते, पण मदतीला कोणी धावले नाही. त्यानंतर मुंबईत मेणबत्त्या पेटल्या, मोर्चे निघाले, ठिकठिकाणच्या चर्चमध्ये प्रार्थना झाल्या. पण प्रार्थनेला जमलेल्यांपैकी निम्मी माणसे जरी त्या रात्री त्या रस्त्यावर एकत्र पुढे आली असती तर?

त्या दोन तरुणांनी चूक केली असे आपण म्हणणार का? मुळीच नाही. त्यांनी जे केले ते बरोबरच होते. ते एकटे पडले, ही चूक त्यांची नव्हती. मधे पडणे धोक्याचे ठरते ते बहुतेक वेळा मधे पडणारा एकटा असतो म्हणून. दोघांना भोसकणारे हात चाळीस माणसांच्या भिंतीपुढे थबकले असते.

या खटल्याचा शेवटही आपण विसरू नये. मे २०१६ मध्ये न्यायालयाने चार आरोपींना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. ती कशामुळे झाली? त्या रात्री तेथे असलेले मित्रमैत्रिणी साक्षीला उभे राहिले आणि पाच वर्षे आपल्या शब्दावर टिकले म्हणून. साक्ष देणे हेदेखील मधे पडणेच आहे. रस्त्यावर पाय लटपटले, तरी न्यायालयात खरे सांगायला पाय घट्ट रोवता येतात.

कोणी म्हणेल, "पण समोरच्याच्या हातात बंदूक असली तर? बंदुकीपुढे सामान्य माणूस काय करणार?" यासाठी आपण २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीकडे जाऊ या. त्या रात्री मुंबईत तीन माणसांनी तीन वेगवेगळ्या गोष्टी केल्या.

गिरगाव चौपाटीवर सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. समोर एके-४७ रायफल घेतलेला अतिरेकी होता. ओंबळे यांनी त्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. गोळ्या त्यांच्या शरीरात घुसल्या, पण पकड सुटली नाही. त्यामुळे त्यांचे सहकारी वाचले आणि अतिरेकी जिवंत पकडला गेला. २००९ मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले.

त्याच रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर विष्णू झेंडे हे उद्‌घोषक आपल्या केबिनमध्ये बसले होते. त्यांच्या हातात लाठीदेखील नव्हती. होता तो ध्वनिक्षेपक. गोळीबार सुरू झाला तेव्हा ते पळाले नाहीत. कोणत्या बाजूला जाऊ नये आणि कोणत्या बाजूने बाहेर पडावे हे ते प्रवाशांना पुनःपुन्हा सांगत राहिले. अतिरेक्यांनी त्यांच्या केबिनवरही गोळ्या झाडल्या. किती जीव त्या आवाजामुळे वाचले त्याचा हिशेब परमेश्वराकडेच आहे.

आणि कामा रुग्णालयात अंजली कुलथे ही परिचारिका रात्रपाळीवर होती. तिच्या विभागात वीस गरोदर स्त्रिया होत्या. अतिरेकी आवारात शिरल्याचे पाहताच तिने दारे बंद केली आणि त्या सगळ्यांना आतल्या सुरक्षित खोलीत नेले. एकीला कळा सुरू झाल्या, तिला भिंतीच्या आधाराने प्रसूतिगृहात पोहोचवले. ते मूल सुखरूप जन्मले. पुढे तिने न्यायालयात अतिरेक्याला ओळखून साक्ष दिली. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढेही तिने आपला अनुभव सांगितला.

ओंबळे पोलीस होते. ते त्यांचे कर्तव्य होते आणि कर्तव्याच्याही पलीकडे जाऊन त्यांनी ते केले. प्रत्येकाने बंदुकीची नळी पकडावी असे परमेश्वर मागत नाही. पण त्या तिघांत एक गोष्ट समान आहे. आपल्याजवळ बंदूक नाही म्हणून कोणी रडत बसले नाही. ज्याच्या हातात जे होते, ते त्याने वापरले. एकाच्या हातात लाठी, दुसऱ्याच्या हातात ध्वनिक्षेपक, तिसरीच्या हातात दाराची कडी. आपल्या थांब्यावरच्या मावशीच्या हातात पाण्याचा तांब्या.

येथे आपल्याला मोशेची आठवण होते. निर्गमच्या दुसऱ्या अध्यायात मोशे तीनदा मधे पडतो. पहिल्यांदा एक इजिप्ती माणूस एका इब्र्याला मारताना त्याला दिसतो. मोशे इकडेतिकडे पाहतो, कोणी नाही अशी खात्री करून घेतो, त्या इजिप्ती माणसाला ठार मारतो आणि वाळूत पुरतो. त्याचा राग न्याय्य होता, पण हात रक्ताने माखला. दुसऱ्या दिवशी दोन इब्री आपसात भांडत होते. मोशे त्यांना समजवायला जातो, तेव्हा त्यातला एक त्यालाच विचारतो की तुला आमच्यावर न्यायाधीश कोणी केले, कालच्यासारखे मलाही मारणार आहेस काय? आदल्या दिवशीच्या हत्येने मोशेच्या शब्दाचे वजन घालवले होते. ज्याचा हात एकदा हत्याराकडे गेला त्याचा सल्ला कोण ऐकणार? मोशेला देश सोडून पळावे लागले.

तिसऱ्यांदा तो मिद्यानातल्या विहिरीजवळ बसला आहे. सात बहिणी आपल्या मेंढरांना पाणी पाजायला येतात आणि धनगर त्यांना हुसकून लावतात. मोशे पळपुटा आहे, परका आहे, त्याने गप्प बसायला हवे होते. पण तो उठतो, त्या मुलींच्या बाजूने उभा राहतो आणि त्यांच्या मेंढरांना पाणी पाजतो. या वेळी कोणी मरत नाही. येथूनच त्याला घर मिळते, कुटुंब मिळते आणि पुढे त्याच रानात परमेश्वराची हाक ऐकू येते. त्या हाकेच्या वेळी, आपण काय करू शकणार, अशा शंका तो काढत असतो, तेव्हा परमेश्वर त्याला एकच साधा प्रश्न करतो. तुझ्या हातात काय आहे? त्याच्या हातात मेंढपाळाची काठी असते. तीच काठी पुढे समुद्रावर उगारली जाते.

अन्याय पाहून उठणारा मोशे तिन्ही वेळा तोच होता. बदलली ती मधे पडण्याची रीत. आधी मारणे, मग समजावणे आणि शेवटी दुबळ्याच्या बाजूने उभे राहून पाणी पाजणे. परमेश्वराने आपल्या प्रजेचा पुढारी म्हणून विहिरीजवळचा मोशे निवडला, वाळूत प्रेत पुरणारा नव्हे.

प्रभू येशूनेही हेच केले. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीभोवती हातात दगड घेतलेला जमाव उभा होता. प्रभूने दगड उचलला नाही, आरडाओरड केली नाही. तो खाली वाकून जमिनीवर लिहू लागला. रागाने धावणाऱ्या जमावाला त्याने थांबायला वेळ दिला. मग एकच वाक्य असे बोलला की, ते जमावाला नव्हे, एकेका माणसाला लागले. जमाव गोंगाटाने आला होता, तो एकेक करून निघून गेला. गेथशेमानी बागेत संत पेत्राने तलवार काढली आणि प्रमुख याजकाच्या दासाचा कान कापला. प्रभूने त्याला तलवार म्यानात घालायला सांगितली आणि त्या दासाचा कान बरा केला. पण संत योहानाच्या शुभवर्तमानात त्याआधीचा एक प्रसंग आहे आणि तो आपल्या नजरेतून निसटतो. हत्यारबंद शिपाई आले तेव्हा प्रभू स्वतः पुढे झाला, मीच तो आहे असे त्याने सांगितले आणि माझ्या माणसांना जाऊ द्या, असे शिपायांना बजावले. तलवारी आणि शिष्य यांच्या मधे तो स्वतः उभा राहिला. एका गालावर मारले तर दुसरा गाल पुढे करावा, असे त्याने शिकवले खरे. पण तो गाल आपला स्वतःचा आहे. शेजाऱ्याचा गाल पुढे करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आपल्या ख्रिस्तसभेची धर्मशिकवणही या बाबतीत स्पष्ट आहे. स्वतःचा आणि दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी आवश्यक तेवढे बळ वापरणे पाप नाही. ज्यांच्यावर इतरांच्या जीविताची जबाबदारी आहे, त्यांच्यासाठी तर ते कर्तव्य असू शकते. पण गरजेपेक्षा जास्त हिंसा केली तर ती न्याय्य राहत नाही. आपल्या देशाचा कायदाही फार वेगळे सांगत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आधीच्या दंड संहितेप्रमाणेच, स्वतःच्याच नव्हे तर दुसऱ्याच्याही शरीराचे रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. मात्र बचावासाठी लागते त्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही. म्हणजे, 'मधे पडलो तर आपल्यावरच केस होईल' असे म्हणून हात झटकण्यात फारसा अर्थ नाही.

आता काही तरुणांच्या मनातला प्रश्न. आपल्यापाशीच एक पिस्तूल असले तर कोणाची हिंमत होणार नाही, असे अनेकांना वाटते. सिनेमातला नायक तसेच करतो. वाढदिवसाचा केक तलवारीने कापणे आणि हातात कट्टा घेतलेला फोटो मोबाईलवर टाकणे यात काहींना मर्दपणा वाटू लागला आहे. त्यांना आपण दोन घटना दाखवू या. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूरहून मुंबईला येणाऱ्या गाडीत, पालघर जिल्ह्यातून गाडी धावत असताना, गोळीबार झाला. रेल्वे सुरक्षा दलाचा एक अधिकारी आणि तीन प्रवासी मारले गेले. गोळ्या झाडल्याचा आरोप आहे तो त्याच दलाच्या एका जवानावर, आणि ती बंदूक प्रवाशांच्या रक्षणासाठी दिलेली होती. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या एका पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनातच, जमिनीच्या वादातून गोळ्या झाडल्या गेल्या. पोलीस ठाण्याइतकी सुरक्षित जागा कोणती? पण राग आणि बंदूक एका खोलीत आले की, कोणतीच जागा सुरक्षित राहत नाही. भांडणात हात रिकामा असेल तर फार तर थप्पड बसते. हात भरलेला असेल तर त्याच रागाची किंमत एका घराला आयुष्यभर मोजावी लागते.

डोंगराकडच्या गावांत रानडुकरांपासून पिके राखण्यासाठी परवान्याच्या बंदुका असतात. त्या शेतकऱ्याला आपण दोष देत नाही. पण ती बंदूक पिकासाठी आहे, भाऊबंदकीच्या भांडणात दाराबाहेर आणण्यासाठी नाही. परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हा तर शस्त्र अधिनियम १९५९ खाली तुरुंगवासाचा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लग्नात किंवा मिरवणुकीत हौसेने हवेत गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आईवडिलांनो, मुलाच्या कपाटात, गादीखाली, मोटारसायकलच्या डिकीत काय आहे, हे विचारायला लाजू नका. आज तुम्ही विचारले नाही तर उद्या पोलीस विचारतील.

जमावाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. कधीकधी मधे पडणारा जमावच मारेकरी होतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भटक्या समाजातल्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा जीव जमावाने घेतला. तेथे हात उगारणाऱ्यांना आपण धर्माचे, गावाचे रक्षण करतो असेच वाटले असेल. अशा वेळी जमावाला अडवणे, 'थांबा, आधी पोलिसांना बोलवू' एवढे म्हणणे, हे सर्वांत मोठे धैर्य. पकडलेला चोर असो की गुंड, त्याला पोलिसांच्या हवाली करेपर्यंत त्याचा जीवही आपल्याच जबाबदारीचा आहे.

पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर १३ मे १९८१ रोजी संत पेत्र चौकात गोळ्या झाडल्या गेल्या. हल्लेखोर पळू लागला तेव्हा गर्दीतल्या माणसांनी, त्यांत एका धर्मभगिनीने, त्याला धरून ठेवले. त्याला कोणी ठेचून मारले नाही. म्हणूनच २७ डिसेंबर १९८३ रोजी पोप महोदय त्याच्या तुरुंगाच्या कोठडीत जाऊन त्याच्या शेजारी बसू शकले. क्षमा त्यांनी आधीच जाहीर केली होती. गर्दीने त्या दिवशी स्वतःला आवरले नसते, तर क्षमेची ही भेट कधीच घडली नसती.

तर मग, उद्या असा प्रसंग आपल्यापुढे आला तर आपण काय करायचे? आपल्या हातात काय आहे? पहिले, हातातला मोबाईल. त्याने चित्रीकरण करण्याआधी ११२ हा क्रमांक लावावा. नेमकी जागा सांगावी, गडबचा थांबा, महामार्गाची अमुक बाजू, हत्यार दिसले की नाही. दुसरे, आपला आवाज. एकट्याने पुढे न होता शेजारी उभे असलेल्याला नाव घेऊन, हात धरून म्हणावे, "चला, आपण दोघे जाऊ." दोघे निघाले की पाच येतात. तिसरे, आपली माया. हत्यारवाल्याशी हुज्जत घालू नये, त्याला डिवचू नये. ज्याच्यावर हात उगारला आहे त्याला बाजूला न्यावे, मुलांना आणि म्हाताऱ्यांना दूर करावे. दोघांपैकी एक जण आपल्या ओळखीचा असेल तर आपल्याच माणसाला आधी आवरावे. ते सर्वांत सोपे असते आणि नेमके तेच आपण करत नाही. चौथे, खांद्यावरचा टॉवेल. गोळी सुटलीच तर आधी आडोसा घ्यावा, जमिनीला टेकावे, आणि धोका टळताच जखमीच्या वाहत्या जखमेवर कापड घट्ट दाबून धरावे व गाडी मिळवावी. पाचवे, आपले नाव. पोलिसांनी विचारले तर 'मी काही पाहिले नाही' असे म्हणू नये. भीती वाटत असेल तर तसे स्पष्ट सांगावे. साक्षीदारांच्या संरक्षणाच्या योजनेला २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली आहे आणि त्यासाठी अर्ज करता येतो.

रस्त्यावरचे भांडण रस्त्यावर सुरू होत नाही, हेही लक्षात ठेवू या. जमिनीच्या मोबदल्यावरून, कंत्राटावरून, गावकीच्या निवडणुकीवरून, क्रिकेटच्या सामन्यातल्या एका चेंडूवरून महिनोन् महिने राग साठत असतो. आपल्या धर्मग्रामातही अशी दोन घरे असतील, जी एकाच बाकावर बसत नाहीत आणि शांतीचा नमस्कार करताना एकमेकांकडे पाहत नाहीत. हत्यार निघण्याच्या कितीतरी आधी तेथे मधे पडता येते. कोणी वडीलधाऱ्याने एखाद्या संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसावे. तेथे जीवाचा धोका नाही. फार तर चहा मिळणार नाही.

शेवटी आपण कालवरी टेकडीकडे पाहू या. तेथे पुष्कळ माणसे होती. हत्यारे शिपायांच्या हातांत होती आणि त्यांच्यापुढे कोणाचे काही चालणार नव्हते. संत लूक सांगतो की, प्रभूच्या ओळखीचे लोक दूर उभे राहून पाहत होते. संत योहान सांगतो की, पवित्र मरिया, तिची बहीण, मरिया माग्दालेना आणि प्रभूचा लाडका शिष्य क्रूसाजवळ उभे होते. त्यांना क्रूस थांबवता आला नाही. त्यांच्या हातात काहीच नव्हते. पण दुःख भोगणाऱ्याला ते एकटे पडू देत नव्हते आणि तेथूनच प्रभूने आईला मुलगा आणि शिष्याला आई दिली. उभे दोघेही होते, दूरचे आणि जवळचे. आपल्या प्रत्येक भांडणात, प्रत्येक अपघातात, प्रत्येक अन्यायाच्या प्रसंगी या दोन जागा रिकाम्या असतात. त्यांपैकी कोणती जागा घ्यायची, हे आपल्याला त्या एका क्षणात ठरवावे लागते आणि त्या क्षणाची तयारी आधीच करावी लागते.

येत्या आठवड्यात आपण प्रत्येकाने प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी त्या चौथ्या पापाची नावानिशी आठवण करावी. कोठे आपण दूर उभे राहिलो, कोणाला एकटे पडू दिले, ते स्पष्ट सांगावे. आम्ही गडबच्या थांब्यावरची ती संध्याकाळ सांगणार आहोत. आणि जमले तर थांब्यावर त्या मावशीला शोधून तिची मासळी घेऊन यायचे, असेही आम्ही ठरवले आहे.

हे प्रभू येशू, तुझ्या शिष्यांच्या आणि तलवारींच्या मधे तू उभा राहिलास. आमचे भित्रे पाय तुला ठाऊक आहेत. आमच्या हातांतले हत्यार काढून घे आणि आमच्या हातांत जे चांगले आहे ते आम्हांला दाखवून दे. किनन, रुबेन, तुकाराम ओंबळे आणि दुसऱ्यांसाठी प्राण देणाऱ्या सर्वांना तुझ्या राज्यात विसावा दे. ज्यांनी हात उगारला त्यांची मने पालट. आणि पुढच्या वेळी कोणी संकटात एकटा सापडला, तर आम्हांला त्याच्या जवळ उभे राहण्याचे बळ दे. आमेन.